विंटेज आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारची रेस क्लबात लावायची तर आधी नियम कुणासाठी लिहिताय ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की साउथॅम्प्टनजवळच्या क्लबात जाताय, क्लब सगळा मॉडर्न बगीवाल्यांचा, ट्रॅक ॲस्ट्रोटर्फचा म्हणजे नकली गवताचा, आणि कमिटीने सांगितलंय की उन्हाळ्यात एक रविवार तुम्हाला देतो, विंटेज डे करून दाखवा. तुमच्याकडे रि-रिलीज (कंपनीने नव्याने परत काढलेली) तामियाची हॉर्नेट आहे, क्लबातल्या तीन-चार जणांच्या माळ्यावर काहीबाही पडलंय. गाड्या कुठल्या घ्यायच्या, मोटर-बॅटरीचा नियम काय ठेवायचा, दिवस कसा चालवायचा, आणि लोक येतील का. मी इकडे मिडलँड्समध्ये बरीच वर्षं हाच उद्योग करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं तिच्यावरच आहे. नियम लिहिताना डोळ्यासमोर जिंकणारा माणूस ठेवू नका, सगळ्यात हळू गाडी घेऊन येणारा ठेवा. जिंकणारा कुठलाही नियम केलात तरी येणार, त्याला गाडी तयार करायची हौसच असते. पण जो माणूस तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ग्रासहॉपर माळ्यावरून काढून, धूळ पुसून, बिचकत बिचकत आलाय, त्याची गाडी पहिल्याच हीटमध्ये (एका वेळच्या छोट्या रेसमध्ये) कुणीतरी मागून ठोकून तोडली की तो परत येत नाही, आणि घरी जाऊन आणखी दोघांना सांगतो की नका जाऊ. विंटेज क्लास बंद पडतात ते बहुतेक असेच. गाड्या नाहीत म्हणून बंद पडताना मी फारसे बघितले नाहीत, गाड्या ढिगाने आहेत या देशात.

आता विंटेज म्हणजे काय यावर तुमच्या कमिटीत तासभर वाद होणार हे गृहीत धरा. सगळे साल धरून बसतात, १९९० च्या आधीचं ते विंटेज वगैरे. साल हवं, पण नुसत्या सालावर क्लास पाडू नका. का ते सांगतो. तामियाची ग्रासहॉपर १९८४ ची, हॉर्नेट १९८४ ची, आणि असोसिएटेडची आरसी१० पण १९८४ चीच. ग्रासहॉपर म्हणजे ३८० ची छोटी मोटर, शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल नाही, मागचा ॲक्सल आणि गिअरबॉक्स अख्खा एकच तुकडा, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही उडतं. आणि आरसी१० म्हणजे सोनेरी ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियमचं टब चॅसी, चारही कोपऱ्यांत स्वतंत्र सस्पेन्शन, तेलाचे शॉक, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मारला पहिली ऑफ-रोड वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा टू-व्हील ड्राइव्हचं टायटल हिच्यावरच जे हॅल्सीने मारलं. या दोन गाड्या एकाच वर्षीच्या म्हणून एका हीटमध्ये सोडल्यात तर दोघांनाही मजा नाही, एकाला वाटणार मी रस्त्यातला दगड आहे आणि दुसरा सारखा दगड चुकवत बसणार.

म्हणून मी गाडीच्या बांधणीवर क्लास पाडतो. पहिला क्लास खेळण्याच्या दुकानातून घरी आलेल्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा: सँड स्कॉर्चर, रफ रायडर (या दोन्ही १९७९ च्या), फ्रॉग, ग्रासहॉपर, हॉर्नेट, फॉक्स, क्योशोची स्कॉर्पियन, आणि त्या जातीचं काहीही. दुसरा क्लास रेससाठीच जन्मलेल्या टू-व्हील ड्राइव्हचा: आरसी१०, अल्टिमा, लोसीची जेआरएक्स२, तामियाची ॲस्ट्यूट. तिसरा क्लास फोर-व्हील ड्राइव्ह: हॉटशॉट, बूमरँग, थंडर शॉट, ऑप्टिमा, शुमाकरची कॅट. यात पण हॉटशॉट आणि कॅट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे पण पहिल्या वर्षी एवढ्या गाड्याच येणार नाहीत, त्यामुळे ते भांडण पुढच्या वर्षावर ढकला. एखाद्या क्लासला पाच-सहाच गाड्या आल्या तर दोन क्लास एकत्र सोडा आणि रिझल्ट वेगळे लावा, पण पहिला क्लास मात्र शक्यतो कुणात मिसळू नका.

रि-रिलीजचं काय, तर घ्यायच्या. बिनशर्त घ्यायच्या. हॉर्नेट २००४ मध्ये परत आली, ग्रासहॉपर २००५, हॉटशॉट २००७, सँड स्कॉर्चर २०१०, मग आरसी१० क्लासिक २०१३, स्कॉर्पियन २०१४, ऑप्टिमा २०१६, अल्टिमा २०१९. या गाड्या आल्या म्हणूनच आज स्पेअर पार्ट मिळतात आणि म्हणूनच जुन्या मालकाला आपली ओरिजिनल ट्रॅकवर आणायचा धीर होतो. काही शहाणे म्हणतील ओरिजिनलवाल्याला एक्स्ट्रा पॉइंट द्या. नका देऊ. ओरिजिनलवाल्याचा मान काँकूरमध्ये करा, म्हणजे दुपारी सगळ्या गाड्या टेबलावर मांडून सगळ्यांनी मत देऊन सुंदर गाडी निवडायची, ते बक्षीस आमच्याकडे रेसच्या बक्षिसापेक्षा जास्त भाव खातं. बॉल बेअरिंग चालतील, उलट घालाच म्हणून सांगा कारण किटमधल्या प्लॅस्टिकच्या बुशमध्ये माती गेली की शाफ्ट खातात. ॲल्युमिनियमचे हॉप-अप चालतील. नवीन कार्बन चॅसी कापून आणली तर चालणार नाही. बस्स, एवढंच. नियमांचा कागद एका पानाच्या पुढे गेला की समजा कुणीतरी जिंकणाऱ्यासाठी लिहितोय.

मोटर. पहिल्या क्लासला सिल्व्हर कॅन, म्हणजे किटमध्ये येते ती साधी ५४० ची २७ टर्न ब्रश्ड मोटर, आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. ग्रासहॉपरवाल्याला ३८० काढून ५४० बसवायची असेल तर बसवू दे, नाहीतर तो फारच मागे पडतो. आता सिल्व्हर कॅनमध्येही फरक असतो, एखादी मोटर नुसतीच जोरात निघते, आणि मग लोक दहा मोटरी विकत घेऊन त्यातली एक निवडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, हसू नका. त्यावर उपाय म्हणजे क्लबने एकाच दुकानातून एकदम मोटरी घ्यायच्या, टबात टाकायच्या, सकाळी ज्याने त्याने चिठ्ठी काढून एक उचलायची, संध्याकाळी परत टबात. या मोटरी फार महाग नसतात, आणि ही सोडत सकाळचा संकोच मोडायला फार कामाला येते, सगळे एकमेकांच्या मोटरीचा आवाज ऐकत उभे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लासला सिल्व्हर कॅन दिली तर ते लोक कंटाळतात, कॅटसारखी गाडी त्यावर झोपा काढते. तिथे तामियाची स्पोर्ट ट्यून्ड किंवा मग १७.५ टर्नची ब्रशलेस मोटर ब्लिंकी मोडमध्ये, म्हणजे स्पीड कंट्रोलवर टायमिंग शून्य, लाइट मिचमिचत असला की समजायचं बरोबर आहे. याच्या वर जाऊ देऊ नका. त्या काळचे गिअर आणि डॉगबोन (चाकाकडे जाणारे शाफ्ट) आत्ताच्या ब्रशलेसचा टॉर्क गृहीत धरून केलेलेच नव्हते. फ्रॉगचे षटकोनी टोकाचे ड्राइव्हशाफ्ट तर साध्या मोटरीवरही घासून गोल होतात, त्यावर १०.५ टर्नची ब्रशलेस (टर्न कमी तितकी मोटर जोरदार) लावलीत तर दुपारपर्यंत गाडी पिटमध्ये.

बॅटरीवर जरा सावकाश लिहितो कारण इथे गंमत नाही, इथे आग लागू शकते. त्या काळी सहा सेलचा निकेल-कॅडमियमचा ७.२ व्होल्टचा पॅक असायचा, १२०० एमएएचचा, मग १७०० चे आले, आणि पाच मिनिटांची रेस कशीबशी निघायची, शेवटच्या मिनिटाला गाड्या मरायला लागायच्या आणि कोण बॅटरी वाचवून चालवतोय यावर रेस फिरायची. ती मजा आता गेली, आताचे ३००० एमएएचचे निकेल-मेटल हायड्राइड पॅकसुद्धा पाच मिनिटांत अर्धे उरतात. प्रश्न लिपोचा, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा. तुमच्या क्लबात मॉडर्नवाल्या सगळ्यांकडे टू-एस (दोन सेलचे) लिपोच असणार, त्यांना सांगितलंत की नवीन निकेलचा पॅक विकत घ्या, जुना चार्जर शोधा, तर निम्मे येणारच नाहीत. म्हणून मी दोन्ही चालवतो. लिपो ७.४ व्होल्टचा, फुल चार्जला ८.४, आणि लोडवर त्याचं व्होल्टेज निकेलएवढं खाली येत नाही त्यामुळे गाडी कोपऱ्यातून जरा जास्त झपकन निघते हे खरं आहे, पण सिल्व्हर कॅनवर हा फरक ड्रायव्हरच्या फरकापुढे काहीच नाही. पण लिपोला अटी घाला आणि त्या मोडू देऊ नका. एक तर जुना मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर असेल तर लिपो बंद, कारण त्याला कट-ऑफ (बॅटरी फार उतरली की मोटर बंद करायची सोय) नसतो, सेल कधी तळाला गेला ते कळतच नाही. जुना इलेक्ट्रॉनिक असेल आणि त्यात लिपो कट-ऑफ नसेल तर बॅलन्स लीडवर अलार्म लावायचा. चार्जिंग बॅगेत, माणूस समोर बसलेला. आणि जुन्या गाड्यांचा बॅटरीचा कप्पा गोल सेलच्या पॅकसाठी केलेला असतो, तिथे चौकोनी हार्डकेस लिपो ठोकून-ठाकून बसवलेला दिसला तर गाडी बाहेर काढा. गोल कडांचे लिपो मिळतात, ते घेऊ दे.

मेकॅनिकल स्पीड कंट्रोलरबद्दल आणखी एक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्यात सर्वो (रिसीव्हरच्या सांगण्यावर हलणारी छोटी मोटर) एक पट्टी सरकवतो आणि त्यावरून करंट रेझिस्टरमधून मोटरला जातो. लोक त्याला नवीन २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर लावतात आणि फेलसेफ (गाडी आपोआप थांबवायची सोय) सेट केलाय म्हणून खुश होतात. फेलसेफ चालतो तो सिग्नल गेला तर. रिसीव्हरची पॉवरच गेली, वायर निसटली, बॅटरीचा डबा हलला, तर सर्वो जिथे आहे तिथेच राहतो, म्हणजे फुल थ्रॉटलवर असेल तर गाडी फुल थ्रॉटलवर सुटली आणि समोर कुणाचं पोर उभं असेल तर काय. म्हणून आमच्याकडे नियम असा की मेकॅनिकल कंट्रोलरच्या गाड्या डेमो हीटमध्ये सोडायच्या, बॅरिअरच्या आत सगळे, तीन-चार गाड्या, पाच मिनिटं, टाळ्या वाजवायच्या. रेसला इलेक्ट्रॉनिक. काही कट्टर मंडळी रुसतात, रुसू दे.

रेडिओचंही तसंच. जुने २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलवाले सेट, ब्राऊन, रेड, ऑरेंज, यलो, ग्रीन, ब्लू, ट्रान्समीटरच्या एरिअलला त्या रंगाचं छोटं निशाण, आणि फ्रीक्वेन्सीच्या बोर्डावर खुंटी लावल्याशिवाय सेट चालू करायचा नाही, ही सगळी पद्धत दाखवायला एक बोर्ड मी मुद्दाम लावतो, म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी येतं. पण रेस २.४ वरच. एकाने न विचारता रेड चालू केला की दुसऱ्या रेडवाल्याची गाडी भिंतीत, तो प्रकार परत आणायची काही गरज नाही.

टायर आणि ट्रॅक एकत्रच बोलतो कारण तुमचा खरा प्रॉब्लेम इथेच आहे. या गाड्या माती, गवत, पार्किंग लॉटची धूळ यांच्यासाठी केलेल्या. इंग्लंडात त्या काळी बहुतेक क्लब गवतावर चालवायचे. ॲस्ट्रोटर्फवर आजचे मिनी-पिन (बारीक खुंट्यांचे) टायर लावले की ग्रिप इतकी येते की हॉर्नेटसारखी उंच गाडी वळताना घसरतच नाही, सरळ पालथी होते, आणि घसरायला जागा नाही म्हणून सगळा धक्का पुढच्या आर्मवर आणि अपराइटवर (चाक धरणाऱ्या तुकड्यावर) जातो. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक ते, ते तुटणारच. तेव्हा पहिला सल्ला, क्लबाच्या आवारात गवताचा तुकडा असेल तर कमिटीच्या हातापाया पडा आणि तो मागा. गवत अगदी खाली कापून घ्या, ड्रेनेजचा नालीदार प्लॅस्टिक पाइप येतो त्याने कडा आखा, टेंट पेगने पक्का करा, ट्रॅक तीन-चार मीटर रुंद ठेवा आणि लॅप वीस ते पंचवीस सेकंदाचा होईल एवढा लांब. पाच मिनिटांत बारा ते पंधरा लॅप, बरोबर वाटतं. पाइपाला गाडी ठोकली तर पाइप दबतो, लाकडाच्या फळीला ठोकली तर गाडी दबते, त्यामुळे फळ्या नकोत.

गवत नाहीच मिळालं तर ॲस्ट्रोवर चालवा पण लेआउट बदला. तुमच्या मॉडर्न ट्रॅकवरचे टेबलटॉप आणि डबल जंप वळसा घालून टाळा, एखादाच बुटका उंचवटा ठेवा, फार तर वीतभर उंच, चढ-उतार दोन्हीकडे लांब. पहिल्या क्लासच्या गाड्या हवेत गेल्या की नाकावर उतरतात, ते फोटोला छान दिसतं पण सोमवारी माणूस पार्ट शोधत बसतो. वळणं मोठी ठेवा, हेअरपिन एखादाच. आणि टायर नवे करकरीत नकोत, झिजलेले मिनी-पिन किंवा किटबरोबर आलेले ब्लॉक टायर. किटचे टायर ॲस्ट्रोवर साबणासारखे घसरतात आणि तेच तर हवंय, सगळेच घसरत असले की रेस जवळून होते आणि कुणी पालथं होत नाही. पहिल्या क्लासला किटचेच टायर असा नियम केलात तर भांडणच मिटलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्लासला त्या काळच्या मापाच्या रिमवर बसेल ते काहीही. टायरला लावायचं ग्रिप वाढवणारं ॲडिटिव्ह सरसकट बंद.

जुन्या प्लॅस्टिकचं विचारलं नव्हतं पण सांगतो, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त रडारड त्याचीच असते. नायलॉनचे पार्ट वर्षानुवर्षं कोरड्या माळ्यावर राहिले की त्यातला ओलावा जातो आणि ते काचेसारखे तडकतात. गाडी खोलून नायलॉनचे आर्म, हब गरम पाण्यात काही वेळ उकळवून मग गार पाण्यात पडू दिले की पाणी शोषून परत चिवट होतात, हे लोकांना आधी कळवा, रेसच्या आदल्या आठवड्यात. पण एबीएसचे पार्ट त्याच पातेल्यात टाकू नका म्हणावं, ते वाकडे होतात. कुठला कुठला आहे ते बहुतेक वेळा पार्ट-ट्रीच्या फ्रेमवर लिहिलेलं असतं, पण फ्रेम कुणी ठेवत नाही, त्यामुळे शंका असेल तर नको. आणि ओरिजिनल बॉडी रेसला लावू नका म्हणून सांगा, नवीन बॉडी रंगवून आणा, जुनी टेबलावर मांडायला ठेवा.

आता दिवस कसा चालवायचा. समजा चोवीस लोक आले. मॉडर्नला तुम्ही दहा-दहाच्या हीट करत असाल, इथे आठाचीच करा. तीन हीट. पाच मिनिटं रेस आणि मध्ये सात मिनिटं, म्हणजे बारा मिनिटांना एक हीट, एक राउंड छत्तीस मिनिटांत. सात मिनिटं जास्त वाटतील, पण ब्रश्ड मोटर तापते, स्क्रू गळतात, लोकांना चाळीस वर्षांपूर्वीचा चार्जर समजून घ्यायचा असतो, आणि मुख्य म्हणजे गप्पा मारायच्या असतात, त्यासाठीच आलेत ते. साडेदहाला सुरू करा, दोन राउंड झाले की पावणेबारा, मग तासभर जेवण आणि काँकूर, मग आणखी दोन राउंड, दोनच्या सुमाराला संपतात, थोडा ब्रेक, मग दुसऱ्या-तिसऱ्या क्लासच्या फायनल. साडेतीनला सगळे आवरून घरी. मॉडर्नवाले हसतील, की एवढ्या वेळात आम्ही दुप्पट रेस काढतो. काढा म्हणावं.

फॉरमॅटबद्दल माझं ठाम मत आहे. पहिल्या वर्षी क्वालिफाइंग आणि ए-फायनल बी-फायनल हा प्रकार पहिल्या क्लासला लावूच नका. क्वालिफाइंग लावलं की एकटा माणूस स्वतःच्या घड्याळाशी भांडतो, आणि फायनलला फास्टवाले पुढे, हळूवाले मागे, म्हणजे जो हळू आहे त्याला दिवसभर कुणाशी टक्कर देता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक राउंडला ग्रिडची जागा फिरवा, एकदा पुढून, एकदा मधून, एकदा मागून, आणि नंबराला पॉइंट, सगळ्यात वाईट राउंड सोडून द्यायचा. अमेरिकेत रीडी रेसमध्ये मोठमोठ्या ड्रायव्हरांना असंच फिरवून फिरवून सोडतात, आपल्याला काय हरकत आहे. ग्रासहॉपरवाला एकदा तरी पहिल्या जागेवरून सुटतो आणि पहिला लॅप लीड करतो, तो माणूस पुढच्या वेळी नक्की येतो. फक्त पहिलं वळण सरळ रस्त्यानंतर लांब आणि रुंद ठेवा, ग्रिडवर दोन गाड्यांत तीन मीटर तरी सोडा, नाहीतर सगळ्या आठ गाड्या पहिल्या कोपऱ्यात एकमेकांवर.

लॅप मोजायला तुमच्या क्लबाकडे ट्रान्सपॉन्डरची (गाडीत लावायच्या, लॅप मोजणाऱ्या चिपची) लूप असणारच, मॉडर्नवाल्यांचे स्वतःचे ट्रान्सपॉन्डर असतात, पण माळ्यावरून आलेल्या माणसाकडे नसणार, तेव्हा आठ-दहा उसने देता येतील असे जमवून ठेवा, आणि तुमचा डीकोडर जुना असेल तर कुठले ट्रान्सपॉन्डर तो वाचतो ते आधी तपासा, नवीन आरसी४ ट्रान्सपॉन्डर जुन्या डीकोडरवर चालत नाहीत, त्यांना हायब्रिडवाले लागतात. एक खाचखळगा सांगतो. आरसी१० चं टब ॲल्युमिनियमचं, ट्रान्सपॉन्डर त्याच्या आत चिकटवला की खालच्या लूपला सिग्नल नीट जात नाही आणि लॅप गायब होतात. टबाला भोक पाडायचा विचार मनात आणू नका, कुणी पाडत असेल तर हात धरा. टबाच्या बाहेर, खाली धातू येणार नाही अशा जागी वेल्क्रोने लावा आणि सकाळीच दोन लॅप मारून स्क्रीनवर येतोय का बघा. तरीही एखादी गाडी मोजली गेली नाही तर पेन्सिल-कागद घेऊन एक माणूस रोस्ट्रमखाली (ड्रायव्हर उभे राहतात त्या मंचाखाली) बसवा, पूर्वी सगळं असंच व्हायचं.

मार्शलिंग नेहमीसारखंच, आधीच्या हीटचे ड्रायव्हर पुढच्या हीटला मार्शल, म्हणजे पालथ्या गाड्या उचलणारे. पण इथे मार्शलला एक वाक्य जास्त सांगावं लागतं, की गाडी उचलताना चॅसी किंवा बंपर धरा. मॉडर्न गाडी कुठूनही उचलता येते, सँड स्कॉर्चरची बॉडी कडक प्लॅस्टिकची आहे आणि त्या माणसाने ती महिनाभर रंगवलीय. आणि ठोकाठोकीबद्दल ब्रीफिंगमध्ये स्पष्ट बोला: मागच्याने पुढच्याला पाडलं तर थांबायचं, त्याला उभं राहू द्यायचं, मग जायचं. दोनदा समज, तिसऱ्यांदा त्या राउंडचे पॉइंट शून्य. हा नियम मोठ्याने सांगा आणि पहिल्यांदा तो एखाद्या नावाजलेल्या फास्ट माणसावर वापरायची वेळ आली तर कचरू नका, सगळे बघत असतात.

स्क्रूटिनीअरिंग, म्हणजे रेसआधीची गाड्यांची तपासणी, हलक्या हाताने. बॅटरी, स्पीड कंट्रोलर, फेलसेफ, चाकांचे नट, एवढं कडक. बाकी मोटरचा नियम सोडतीने मिटलेलाच आहे. कुणाच्या गाडीवर १९८९ चा शॉक आहे आणि गाडी १९८६ ची आहे असल्या तक्रारी घेऊन येणारा एक माणूस प्रत्येक क्लबात असतोच, त्याला काँकूरचा जज करा, तिथे त्याच्या ज्ञानाचं सोनं होतं.

इन्शुरन्सचं तुमच्या सेक्रेटरीशी आत्ताच बोलून घ्या. क्लब बीआरसीएला (ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनला) जोडलेला असेल तर मेंबरांना थर्ड पार्टी कव्हर असतं, पण माळ्यावरून गाडी घेऊन येणारे मेंबर नसतील, त्यांच्यासाठी डे मेंबरशिपची तुमच्या क्लबाची पद्धत काय ते विचारा आणि तो फॉर्म गेटवर ठेवा, नंतर पळापळ नको.

लोक कुठून आणायचे. तुम्ही बसलाय कुठे बघा, रॉम्झी तुमच्या शेजारी. १९८७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथेच झाली, टू-व्हील ड्राइव्ह जोएल जॉन्सनने क्योशोच्या अल्टिमावर जिंकली आणि फोर-व्हील ड्राइव्ह मासामी हिरोसाकाने शुमाकरच्या कॅटवर, म्हणजे नॉर्थॅम्प्टनच्या कंपनीची गाडी इंग्लंडच्याच मातीत. त्या वेळी कुंपणाला टेकून बघणारी पोरं आता पन्नाशीत आहेत आणि तुमच्या वीस मैलांच्या आत राहतात. मॉडेल शॉपच्या काउंटरवर, लायब्ररीत, कार बूट सेलला, एका पानाचा कागद लावा, त्यावर कॅटचा किंवा अल्टिमाचा फोटो आणि एकच वाक्य, की तुमची आहे का अजून. चालत नसली तरी घेऊन या, आम्ही चालू करून देतो. आणि खरंच एक टेबल त्यासाठी ठेवा, सोल्डरिंग आयर्न, दोन रिसीव्हर, दोन ब्रश्ड स्पीड कंट्रोलर, सहा चाकांचे नट, आणि ज्याचा हात चालतो असा एक माणूस, ज्याने त्या दिवशी स्वतः रेस करायची नाही. हा माणूस मिळवणं सगळ्यात अवघड, मला विचाराल तर त्यालाच आधी शोधा आणि मग तारीख ठरवा.

उसन्या गाड्या दोन ठेवा, रि-रिलीज हॉर्नेट सगळ्यात बरी, पार्ट कुठेही मिळतात. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाका. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांनी ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ही गाडी हातात घेतलेलीच नाही, दुबईहून कुणाच्या काकांनी आणली तर बिल्डिंगमधली सगळी पोरं गच्चीवर जमायची आणि काका स्वतःच चालवायचे. असे दोघे-तिघे आले की त्यांची मुलं येतात, आणि मुलांना गंमत वाटते की गाडी एवढी हळू असून एवढी हातातून निसटते कशी.

एंट्री फी तुमच्या नेहमीच्या क्लब-मीटिंगएवढीच ठेवा, मोटरींचा खर्च पहिल्या वर्षी क्लबाने उचलावा, मोटरी क्लबाच्याच राहणार आहेत. बक्षिसं ट्रॉफ्या नकोत, पार्ट द्या. फ्रॉगचे ड्राइव्हशाफ्ट, हॉर्नेटचा पुढचा बंपर, बॉल बेअरिंगचा सेट. आणि शेवटून पहिला येणाऱ्याला पण द्या, त्यालाच जास्त लागणार आहेत.

तारीख धरताना दोन गोष्टी. बीआरसीएच्या ऑफ-रोड नॅशनलचा वीकेंड टाळा कारण तुमचे टायमिंगवाले आणि चांगले मार्शल त्या दिवशी तिकडे असतील. आणि पावसासाठी एक राखीव रविवार आत्ताच मागून ठेवा, ओल्या गवतावर मॉडर्न गाड्या निघतात पण उघड्या बोर्डांचे जुने स्पीड कंट्रोलर नाही निघत, आणि हॅम्पशायरचा जुलै तुम्हाला मी काय सांगायचा. ट्रॅकची जागा ठरली की मापं पाठवा, लेआउट काढून देतो.